नकाराची नोंद : लिनक्स कर्नेलच्या नव्या आवृत्तीत जुन्या निवडींचा पुनर्वापर (१९९१–२०१८)

प्रस्तावना

संगणकाच्या कार्यप्रणालीचा इतिहास बहुधा नव्या आवृत्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणती आवृत्ती केव्हा प्रसिद्ध झाली, तिने कोणत्या सोयी उपलब्ध करून दिल्या, तिचा प्रसार कसा झाला, यांची नोंद त्यात असते. मात्र जुन्या आवृत्तीसाठी वापरकर्त्याने घेतलेल्या निर्णयांचे नवी आवृत्ती बसविताना काय होते, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. लिनक्सच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कारण तेथे असे निर्णय हजारोंच्या संख्येने घ्यावे लागतात आणि त्यांतील एखादा हरवला तर संगणक सुरूच होत नाही.

कर्नेल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. प्रोसेसर, स्मृती, डिस्क, नेटवर्क ही यंत्रसामग्री आणि वापरकर्त्याचे प्रोग्रॅम यांच्यामधील सर्व व्यवहार कर्नेलमार्फत होतात. लिनक्स कर्नेलचा सोर्स कोड सर्वांना खुला असल्याने त्यातील कोणता भाग आपल्या संगणकासाठी घ्यावा व कोणता वगळावा, हे ठरविण्याची मुभा वापरकर्त्याला असते. अशा प्रत्येक भागासाठी एक प्रश्न असतो. त्याचे उत्तर बहुधा ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘मॉड्यूल’ (म्हणजे वेगळा ठेवून गरजेनुसार जोडण्याचा भाग) यांपैकी एक असते. ही सर्व उत्तरे ‘डॉट कॉन्फिग’ या एकाच साध्या मजकुराच्या फाईलमध्ये साठविली जातात. नवी आवृत्ती आली की हीच फाईल पुन्हा वापरावी, अशी प्रथा लिनक्समध्ये रूढ झाली. प्रस्तुत लेखात या प्रथेचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

उद्दिष्टे व व्याप्ती

१) लिनक्स कर्नेलमध्ये निवडी नोंदविण्याची पद्धत कशी विकसित झाली, हे पाहणे.
२) जुन्या निवडी नव्या आवृत्तीत वापरता येण्यामागील तत्त्व स्पष्ट करणे.
३) या पुनर्वापरात उद्भवलेल्या अडचणींचे स्वरूप व त्यांवरील उपाय यांची चिकित्सा करणे.

लेखाची व्याप्ती लिनक्सपुरती मर्यादित असून अन्य प्रणालींचा उल्लेख केवळ पार्श्वभूमी म्हणून आला आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

युनिक्सची पार्श्वभूमी

कर्नेल आपल्या यंत्रानुसार बांधून घेण्याची कल्पना लिनक्सपेक्षा जुनी आहे. १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत उपकरणांची यादी एका फाईलमध्ये लिहून ‘एमकेकॉन्फ’ या छोट्या प्रोग्रॅमला दिली जात असे व त्यावरून कर्नेलसाठी आवश्यक कोड तयार होत असे. बर्कले विद्यापीठातील बीएसडी युनिक्समध्ये याच कामासाठी ‘कॉन्फिग’ हा प्रोग्रॅम आला. ‘जेनेरिक’ नावाच्या सर्वसाधारण फाईलची नक्कल करून तीत यंत्रानुसार फेरफार करावा, अशी तेथील रीत होती.

या फायलींत जे हवे ते लिहिलेले असे. जे लिहिलेले नाही, ते विचारपूर्वक नाकारले की त्याचा विचारच झाला नाही, हे फाईल पाहून कळत नसे. उपकरणांची संख्या मोजकी होती तोवर ही उणीव विशेष जाणवली नाही. लिनक्सच्या वाढीबरोबर मात्र ती मध्यवर्ती बनली.

शीर्षक-फाईल ते प्रश्नावली (१९९१–१९९६)

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये लिनक्सची ०.०१ ही आवृत्ती उपलब्ध करून दिली. तिचा कोड सुमारे दहा हजार ओळींचा होता. डिस्कचा प्रकार आणि मूळ फाईल-प्रणालीचे स्थान या गोष्टी सोर्स कोडमधील एका शीर्षक-फाईलमध्येच लिहिलेल्या होत्या. आपल्या यंत्रासाठी कर्नेल बांधणाऱ्याने ती फाईल उघडून तीत दुरुस्ती करावी, एवढीच सोय होती. दुरुस्ती सोर्स कोडमध्येच केलेली असल्याने नव्या आवृत्तीच्या कोडबरोबर कोरी शीर्षक-फाईल येई आणि तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागे. वापरकर्त्याचा निर्णय आणि कर्ननेलचा कोड यांची अद्याप फारकत झालेली नव्हती.

ही फारकत ‘कॉन्फिगर’ या स्क्रिप्टने घडवून आणली. रेमंड चेन हे तिचे मूळ लेखक असून पुढे मायकेल चॅस्टेन यांनी तिची देखभाल केली. ही स्क्रिप्ट प्रश्नांच्या फायली वाचून एकेक प्रश्न पडद्यावर विचारी व उत्तरे वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवी. प्रश्न कर्नेलच्या लेखकांचे आणि उत्तरे वापरकर्त्याची, अशी विभागणी त्यामुळे झाली. १९९५ मध्ये ‘मॉड्यूल’ हे तिसरे उत्तर तीत समाविष्ट झाले.

मार्च १९९४ मध्ये आलेल्या १.० या आवृत्तीचा कोड १,७६,२५० ओळींचा होता. जून १९९६ मध्ये २.० आवृत्ती आली तेव्हा प्रश्न इतके वाढले होते की ते ओळीने सोडविणे कंटाळवाणे ठरू लागले. ओळीने प्रश्न विचारणाऱ्या ‘मेक कॉन्फिग’ या आज्ञेच्या जोडीला मेनू दाखविणारी ‘मेक मेन्युकॉन्फिग’ आणि खिडक्यांतून निवड करू देणारी ‘मेक एक्सकॉन्फिग’ या आज्ञा आल्या. या लेखाच्या दृष्टीने मात्र चौथी आज्ञा अधिक महत्त्वाची आहे, ती म्हणजे ‘मेक ओल्डकॉन्फिग’.

पुनर्वापरामागील तत्त्व

‘मेक ओल्डकॉन्फिग’चे कार्य वरकरणी साधे आहे. जुन्या आवृत्तीची ‘डॉट कॉन्फिग’ फाईल नव्या आवृत्तीच्या सोर्स कोडमध्ये आणून ठेवावी आणि ही आज्ञा द्यावी. ज्या प्रश्नांची उत्तरे जुन्या फाईलमध्ये आहेत ते पुन्हा विचारले जात नाहीत. जे प्रश्न नव्याने आले आहेत तेवढेच ‘नवा’ अशा खुणेसह विचारले जातात. एका टप्प्याची उडी असली तरी ही पायरी गाळू नये, कारण प्रत्येक आवृत्तीत नवे पर्याय येतात, असा स्पष्ट इशारा कर्नेलबरोबरच्या माहितीपत्रकातही देण्यात येत असे.

प्रश्न नवा आहे हे स्क्रिप्टला कसे कळते? याचे उत्तर ‘डॉट कॉन्फिग’च्या रचनेत आहे. स्वीकारलेल्या पर्यायासमोर ‘वाय’ किंवा ‘एम’ हे अक्षर असते. नाकारलेला पर्याय मात्र फाईलमधून गाळला जात नाही. त्याच्यासाठी एक स्वतंत्र ओळ लिहिली जाते. ती हॅशच्या चिन्हाने सुरू होते आणि अमुक पर्याय ‘निश्चित केलेला नाही’ असे इंग्रजीत सांगते. हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे एरवी केवळ टीप. यंत्राने ती सोडून द्यावयाची असते. येथे मात्र ती टीप नसून उत्तर आहे. जुनी फाईल वाचण्यापूर्वी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट अशा प्रत्येक ओळीचे रूपांतर ‘नाही’ या उत्तरात करून घेत असे. ज्या पर्यायाची कोणतीच ओळ सापडत नाही, तो पूर्वी कधी विचारलाच गेला नव्हता, असा निष्कर्ष त्यावरून काढता येई.

महाविद्यालयीन कामकाजातील उदाहरण घ्यावयाचे तर सभेच्या इतिवृत्ताचे घेता येईल. ज्या इतिवृत्तात केवळ मंजूर ठराव नोंदविले जातात, त्यावरून एखादा विषय सभेने फेटाळला की तो सभेपुढे आलाच नाही, हे पुढील वर्षीच्या सभासदांना समजणार नाही. नामंजूर ठरावांचीही नोंद असेल, तरच पुढील सभेला केवळ नव्या विषयांवर चर्चा करता येते. ‘डॉट कॉन्फिग’ हे या दुसऱ्या प्रकारचे इतिवृत्त होय. जुन्या निवडींचा पुनर्वापर शक्य झाला तो होकारांच्या नोंदीपेक्षाही नकारांच्या नोंदीमुळे, असे म्हणावे लागते.

भाषा बदलली, उत्तरे टिकली (२०००–२००३)

१९९० च्या दशकाच्या अखेरीस या व्यवस्थेतील दोष उघड झाले. प्रश्न लिहिण्याची भाषा एक असली तरी ती वाचणारे प्रोग्रॅम तीन होते आणि प्रत्येक जण तिचा अर्थ आपल्या परीने लावी. त्यामुळे एकाच उत्तरांवरून वेगवेगळे निष्कर्ष निघण्याचा संभव होता. एका पर्यायाचे दुसऱ्यावरील अवलंबित्व नेमकेपणाने मांडण्याची सोयही अपुरी होती.

यावर एरिक रेमंड यांनी २००० पासून ‘सीएमएल-२’ ही पूर्णतः नवी भाषा व पायथनमध्ये लिहिलेली नवी व्यवस्था मांडली. मार्च २००१ मध्ये सॅन होजे येथे झालेल्या कर्नेल लेखकांच्या बैठकीत ती २.५ मालिकेत घेण्याचे ठरले होते. तथापि कर्नेल बांधण्यासाठी पायथनची सक्ती असावी का, आणि एवढी मोठी व्यवस्था एकदम बदलावी का, यावर तीव्र मतभेद झाले. २००२ च्या आरंभी आणखी एक वाद उद्भवला. संगणकाचे ज्ञान नसलेल्या ‘आंट टिली’ या काल्पनिक बाईलाही आपला कर्नेल बांधता यावा, त्यासाठी यंत्राने स्वतःच उत्तरे शोधावीत, अशी रेमंड यांची भूमिका होती. अनेक कर्नेल लेखकांना तिची गरज पटली नाही. अखेरीस ‘सीएमएल-२’ कर्नेलमध्ये आली नाही.

ऑक्टोबर २००२ च्या अखेरीस २.५.४५ या आवृत्तीत रोमन झिप्पेल यांची ‘केकॉन्फिग’ ही व्यवस्था स्वीकारण्यात आली. ती सी भाषेत लिहिलेली होती आणि सर्व दर्शनी प्रोग्रॅमांसाठी प्रश्न वाचणारा भाग एकच होता. प्रश्नांच्या जुन्या फायली नव्या भाषेत आणण्यासाठी झिप्पेल यांनी रूपांतराचे साधनही तयार केले होते. याहून महत्त्वाची बाब अशी की, प्रश्नांची भाषा पूर्णपणे बदलली तरी उत्तरांच्या फाईलचे स्वरूप कायम राहिले. हॅशने सुरू होणारी नकाराची ओळही तशीच राहिली. २.४ मालिकेची ‘डॉट कॉन्फिग’ नव्या व्यवस्थेला वाचता येत होती. कर्नेलच्या लेखकांनी आपली भाषा बदलली. वापरकर्त्यांना मात्र आपली उत्तरे बदलावी लागली नाहीत.

पुनर्वापराच्या सोयी पुढेही वाढत गेल्या. सोर्स कोडमध्ये ‘डॉट कॉन्फिग’ नसल्यास चालू कर्नेलच्या नावाने ‘बूट’ फोल्डरमध्ये ठेवलेली फाईल केकॉन्फिग आधाराला घेई. उत्तरांची प्रत कर्नेलच्या पोटातच ठेवून चालू संगणकातून ती वाचण्याची सोय २.६ मालिकेत उपलब्ध झाली.

पुनर्वापरातील तीन प्रकारच्या अडचणी

उत्तरे टिकली तरी प्रश्न स्थिर राहत नाहीत. या विसंगतीतून निर्माण झालेल्या अडचणी तीन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार म्हणजे नाव तेच राहून अर्थ बदलणे. २.४ मालिकेत ‘इनपुट’ हा पर्याय मुख्यत्वे यूएसबी कीबोर्ड, माउस यांसारख्या उपकरणांसाठी होता; त्याला ‘मॉड्यूल’ असे उत्तर देणे गैर नव्हते. डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.० मध्ये, ज्याचा कोड सुमारे ५९ लाख ओळींचा होता, साधा कीबोर्डही याच थरातून चालू लागला आणि पडद्यावरील आभासी टर्मिनल त्यावर अवलंबून झाले. जुने ‘मॉड्यूल’ हे उत्तर जसेच्या तसे पुढे आले की टर्मिनलचा प्रश्न विचारलाच जात नसे. कर्नेल विनातक्रार बांधला जाई. संगणक सुरू केल्यावर मात्र पडदा कोरा राही. पुढे हे पर्याय पूर्वनिश्चित ‘होय’ करून सामान्य वापरकर्त्याच्या नजरेआड ठेवण्यात आले.

दुसरा प्रकार म्हणजे अर्थ तोच राहून नाव बदलणे. २.६.१८ पर्यंत साटा डिस्कचे ड्रायव्हर ‘स्कझी’ या विभागात व त्याच्या नावाने होते. नोव्हेंबर २००६ मधील २.६.१९ आवृत्तीत त्यांचा स्वतंत्र विभाग झाला व पर्यायांची नावे बदलली. जुन्या फाईलमधील होकार आता अस्तित्वात नसलेल्या नावापुढे उभे होते आणि नव्या नावांची ओळ फाईलमध्ये नव्हती. नवे म्हणून विचारलेल्या प्रश्नांना घाईने ‘नाही’ म्हणणाऱ्याचा कर्नेल मूळ डिस्कच शोधू शकत नसे. नवा कर्नेल बसविताना जुना कर्नेल काढून न टाकता सुरुवातीच्या मेनूमध्ये ठेवावा, ही सावधगिरी अशा प्रसंगी उपयोगी पडे.

तिसरा प्रकार म्हणजे प्रश्नावर नवा पालक येणे. केकॉन्फिगमध्ये पालक पर्याय नाकारला की त्याखालील प्रश्न लुप्त होतात व त्यांची जुनी उत्तरेही नव्या फाईलमध्ये लिहिली जात नाहीत. जानेवारी २०१२ मधील ३.२ आवृत्तीत नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर उत्पादकांनुसार गटांत मांडण्यात आले आणि प्रत्येक गटासाठी एक पालक पर्याय आला. या वेळी मात्र पूर्वानुभव कामी आला. पालक पर्यायांचे पूर्वनिश्चित उत्तर ‘होय’ ठेवण्यात आले आणि या उत्तराचा कर्नेलवर प्रत्यक्ष परिणाम होत नाही, ते केवळ पुढील प्रश्न दाखवावेत की नाही एवढेच ठरविते, असे मदतीच्या मजकुरात स्पष्ट करण्यात आले. नवा ड्रायव्हर पूर्वनिश्चित ‘होय’ ठेवण्यास टॉरव्हाल्ड्स यांनी वेळोवेळी विरोध केला आहे. येथील ‘होय’ नव्या गोष्टीच्या प्रचारासाठी नसून जुने निर्णय राखण्यासाठी होते, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

उत्तर कोणी द्यावे?

२.६ मालिकेच्या काळात नव्या आवृत्त्या दर दोन-तीन महिन्यांनी येऊ लागल्या. प्रत्येक वेळी सर्व नवे प्रश्न वाचून उत्तर देणे अनेकांना अशक्य झाले. त्यातून उत्तर देण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे जाऊ लागले.

डिसेंबर २००९ मधील २.६.३२ आवृत्तीत स्टीव्हन रॉस्टेट यांची ‘लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा आली. त्या क्षणी संगणकात जी मॉड्यूल चालू असतील तेवढीच ठेवून बाकीची ती वगळते. बांधणीचा वेळ त्यामुळे पुष्कळ वाचतो. परंतु त्या वेळी जोडलेले नसलेले उपकरण या पद्धतीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. २०१२-१३ च्या सुमारास ‘ओल्डडेफकॉन्फिग’ हे नाव रूढ झाले. ही आज्ञा जुनी उत्तरे राखते आणि प्रत्येक नव्या प्रश्नाला काहीही न विचारता पूर्वनिश्चित उत्तर देते. स्वयंचलित बांधणीसाठी ती अत्यंत सोयीची आहे.

२०१० मध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. एआरएम प्रोसेसरच्या विविध फळ्यांसाठी उत्तरांच्या संपूर्ण फायली सोर्स कोडमध्ये ठेवल्या जात आणि प्रत्येक आवृत्तीत त्या अद्ययावत करताना प्रचंड मजकूर बदले. टॉरव्हाल्ड्स यांनी यास आक्षेप घेतल्यावर पूर्वनिश्चित उत्तरांशी जुळणाऱ्या ओळी काढून टाकण्यात आल्या व लाखाहून अधिक ओळी कमी झाल्या. अशी आटोपशीर फाईल तयार करणारी ‘सेव्हडेफकॉन्फिग’ ही आज्ञाही त्याच वर्षी आली. या फाईलमध्ये केवळ वेगळेपण नोंदविलेले असते. ती वाचण्यास सोपी असते. परंतु पूर्वनिश्चित नकाराशी जुळणारा वापरकर्त्याचा नकार तीत उरत नाही. विचारपूर्वक दिलेला नकार आणि मौन यांतील भेद येथे पुन्हा पुसला जातो.

२०१८ : जाणीवपूर्वक विस्मरण

जुना नकार नेहमीच निर्णय असतो काय, हा प्रश्न २०१८ मध्ये ठळकपणे उपस्थित झाला. ‘स्टॅक प्रोटेक्टर’ ही स्मृतीवरील एका प्रकारच्या हल्ल्यापासून कर्नेलचे रक्षण करणारी सोय आहे. ४.१६ आवृत्तीत तिच्या साध्या व कडक प्रकारांच्या जोडीला ‘स्वयंचलित’ असा पर्याय देण्यात आला. कंपायलरला झेपेल तो सर्वांत कडक प्रकार त्यातून निवडला जाई. स्वयंचलित पर्याय निवडला की ‘कडक’ या पर्यायापुढे आपोआप नकाराची ओळ लिहिली जाई, कारण अनेकांतून एकच निवडावयाचा होता.

४.१८ साठी काम सुरू असताना कंपायलरची क्षमता तपासण्याची सोय केकॉन्फिगमध्येच आली व स्वयंचलित पर्याय काढून टाकण्यात आला. परिणाम अनपेक्षित होता. जुन्या फाईलमधील ‘कडक’ पर्यायापुढील नकार ‘ओल्डकॉन्फिग’ने निष्ठेने जपला असता आणि सर्वांत कडक संरक्षण मागणाऱ्याच वापरकर्त्याला ते मिळाले नसते. कोणतीही सूचनाही दिसली नसती. जून २०१८ मध्ये टॉरव्हाल्ड्स यांनी स्वतः यावर उपाय केला. त्यांनी या पर्यायांची नावे बदलली. नाव बदलताच जुना नकार निरर्थक ठरला, प्रश्न नवा झाला आणि पूर्वनिश्चित ‘होय’ लागू झाले. २००६ मध्ये जे नामांतर अडचणीचे कारण ठरले होते, तेच २०१८ मध्ये उपाय म्हणून योजण्यात आले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) लिनक्समध्ये जुन्या निवडींचा पुनर्वापर शक्य झाला, तो प्रश्न व उत्तरे यांची फारकत आणि नकाराची स्पष्ट नोंद या दोन गोष्टींमुळे. २००२ मध्ये प्रश्नांची भाषा बदलूनही ही नोंद अबाधित राहिली.
२) उत्तराची नोंद टिकली म्हणजे निर्णय टिकला, असे होत नाही. प्रश्नाचा अर्थ, नाव किंवा पालक बदलल्यास तेच उत्तर निष्फळ वा घातक ठरू शकते. ही जबाबदारी वापरकर्त्याइतकीच प्रश्न लिहिणाऱ्यांचीही आहे. २०१२ व २०१८ मधील उपाययोजनांत तिची जाणीव दिसते.
३) उत्तर देण्याचे काम यंत्राकडे जसजसे गेले, तसतसे माणसाचा नकार आणि यंत्राने लिहिलेला नकार फाईलमध्ये एकसारखे दिसू लागले. दोन्हींसाठी ओळ तीच आहे. तिच्यामागे विचार होता की नाही, हे ती ओळ सांगू शकत नाही.

नवी आवृत्ती बसविणाऱ्याने जुनी फाईल अवश्य वापरावी. परंतु ती सिद्ध झालेले सत्य म्हणून नव्हे, तर एका विशिष्ट काळात, विशिष्ट प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचा दस्तऐवज म्हणून वाचावी. हा दस्तऐवज कोणी लिहिला, कोणत्या प्रश्नाच्या संदर्भात लिहिला आणि त्यातील कोणती नोंद आपोआप पडली, हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ही शिस्त परिचितच आहे.